पप्पा शांतपणे गेले

पप्पा, तुम्ही किती शांतपणे गेलात हे अजून सांगितलं जातं. कलकत्त्यातली आपली चार-पाच मराठी ख्रिस्ती घरं महिन्यातून एकदा दादाच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये जमतात. तुम्ही सुरू केलेली उपासना आता तो चालवतो. कुणाची नोकरी गेली, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळला, की दादा तुमचा मृत्यू पुढे करतो. ‘आमच्या पप्पांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत हसू होतं.’ तुम्ही गेलात तेव्हा दादा परगावाहून येणाऱ्या गाडीत होता. हसू त्याला मी सांगितलं. खोटं सांगितलं.

तुम्हाला साक्ष फार प्रिय. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ही आपल्यातली रीत चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे. दहावीच्या परीक्षेआधी माझा श्वास अडकायला लागला होता. मला तो दिवस लख्ख दिसतो. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले आहे, हातांना मुंग्या आल्या आहेत, आई पोळ्या तशाच सोडून मला वारा घालते आहे. तुम्ही गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून येता आणि बुटांसकट दारात उभे राहता. “घाबरलीय ती,” आई म्हणते. “ख्रिस्ती घरात?” तुम्ही चक्क हसता. “भ्यायचं म्हणजे सैतानाला घरात बसवून चहा पाजायचा. ऊठ.” मी उठते, कारण तुमच्या घरात उठता येत नसलं तरी उठायचं असतं. मी उठले, हाच तुम्ही चमत्कार धरलात. रविवारी मला सगळ्यांसमोर उभं केलंत. काय बोलायचं ते नाश्त्याला घोकून घेतलंत, “मोठ्याने, आणि जरा हसून.” त्याआधी मी मोरीत ओकले होते. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि बडीशेप चघळायला दिली. मी हसून सांगितलं की प्रभूने माझी भीती काढून टाकली. सगळे हल्लेलुया म्हणाले. तुम्ही खुशीत न्यू मार्केटातून केक आणलात.

भीती कुठे जाते? ती दोन दिवसांत परत आली. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी कधी विसरले नाही. “साक्ष दिलीस ना? मग आता प्रभूला खोटं पाडतेस?” संपलं. त्यानंतर घाबरायची सोयच उरली नाही. मी बाथरूमचा नळ सोडून घाबरायचे. लग्न झालं, सासरी बेहालाला आले, मुलगी झाली, तरी नळ सोडायची सवय काही सुटली नाही.

मग तुमची पाळी आली. हॉस्पिटलातली ती दुपार घरच्यांपैकी फक्त मी पाहिली. तुम्ही खाटेचा कठडा असा धरला होता की नर्सला बोटं सोडवता येईनात. “मला जायचं नाही,” तुम्ही म्हणालात. “मला धर. मला भीती वाटते गं.” आणि लगेच, दम लागलेला असताना, “पाळकांना सांगू नकोस.” बघा, तेवढ्यातही तुम्हाला स्वतःच्या साक्षीची काळजी होती! मी धरलं तुम्हाला. पाळकांना सांगितलं नाही. उलट कबरस्तानात उभी राहून मोठ्याने सांगितलं, पप्पा शांतपणे गेले. जरा हसूनसुद्धा. शिकवणी तुमचीच होती.

आता तुमच्या नातीचं ऐका. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेट्रोत बसली की तिचे हात बधिर होतात, जीव गुदमरतो. मी तिला डॉक्टरकडे नेलं. सकाळी आम्ही दोघी प्रार्थना करतो आणि आमेन म्हणून ती गोळी घेते. प्रभूची आणि डॉक्टरची भांडणं मला तरी अजून दिसलेली नाहीत. पण दादाला दिसली. तो तिला म्हणाला, “या रविवारी साक्ष दे, भीती गेली म्हणून. आजोबांची नात आहेस तू. आधी बोल, विश्वास मागून येतो.” पोरगी माझ्यासारखी नाही, प्रामाणिक आहे. पोटात गोळी ठेवून साक्ष कशी द्यायची म्हणून तिने मला न सांगता गोळ्याच बंद केल्या. शनिवारी स्वयंपाकघरात तिच्या मोडक्या मराठीत घोकत होती, “प्रभूने माझा भीती काढला.” ओठ पांढरे पडले होते. जिन्याच्या पायऱ्या चढताना तिला दोनदा बसावं लागलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गॅस बंद केला आणि तिला तुमची ती दुपार सांगितली, कठड्यासकट.

तिचं घोकणं थांबलं. “आजोबा घाबरला होता?”

तुमच्यासाठी एकेरी शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. मी तो सुधारला नाही.

“मग त्याला विश्वास नव्हता?”

“होता की. विश्वासही होता आणि भीतीही होती. मेल्यावर विश्वासाचं तेवढं सांगितलं आम्ही.”

ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग स्वतःच उठून तिने पाण्याबरोबर गोळी घेतली. रविवारी दादाने हाक मारली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, मला अजून भीती वाटते. मी औषध घेते. माझ्यासाठी प्रार्थना करा. आजोबा पण घाबरला होता, शेवटी खूप रडला होता, आईने पाहिलं.” दादाचा चेहरा पडला. कुणी हल्लेलुया म्हणालं नाही. पण ज्यांचा नवरा अंथरुणावर आहे त्या मावशी उठल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ प्रार्थना करत राहिल्या. घरी येताना ती मेट्रोत माझ्या खांद्यावर झोपली.

दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुमची शांती संपली, पप्पा. आता सगळ्यांना माहीत आहे की तुम्ही रडत गेलात. हे तुमच्यापर्यंत पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं, कारण पुढचं वाक्य तुम्ही लगेच पकडलं असतंत. तुम्ही घाबरला होतात, पण रडला नव्हतात. रडण्याचं मी पदरचं घातलं, आणि घालताना मला फार बरं वाटलं.