रजेचे अर्ज किती दिवस ठेवायचे?

३ ऑक्टोबर १९५५
कारखान्यात बिस्किटांचे डबे ठेवायला जागा नाही, म्हणून वाधूमल सेठनी दप्तराची खोली रिकामी करायला काढलीय. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, त्याची यादी मी करायची — हेडक्लार्क ना मी! जागेचे कागद कायम. भट्टीच्या दुरुस्तीचे दहा वर्षं. मजेत चाललंय.

४ ऑक्टोबर
घोटाळा! कागद लावायला सोमवारपासून माणूस येतोय — अनंता, हिचा थोरला भाऊ. शिफारस माझीच! आणि रजेच्या अर्जांत मी त्याच्या वडिलांना दोनदा मारलंय. एकदा अंबरनाथच्या जत्रेसाठी, एकदा मांजर्लीला नदीत चिंबोऱ्या धरायला. पहिल्या अर्जात 'सासरे', दुसऱ्यात 'पत्नीचे वडील' — सेठच्या ध्यानात आलं नाही. उलट दुसऱ्यावर शेरा मारला, 'मंजूर. दुखवट्याचा बिस्किटांचा डबा द्यावा.' तो डबा सासऱ्यांनीच चहात बुडवून संपवला. चिंबोऱ्याही त्यांनीच धरून दिल्या होत्या!
हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, आणि ही घरात घेणार नाही. घाबरलोय, खरंच.
यादीत लिहिलं — रजेचे अर्ज, तीन महिने.

६ ऑक्टोबर
सेठ एकही कागद जाळू देत नाहीत. फाळणीत सिंधमधलं शिकारपूरचं घर सोडून आले, कागद तिकडेच राहिले. "कागज होता, तो आज घर के बदले घर मिलता," म्हणाले. वाईट वाटलं.
संध्याकाळी पुन्हा गेलोच. म्हटलं, रजेच्या अर्जावर कुणाला घर मिळालंय का? हसले. एक वर्षावर सौदा पटला. माझे दोन्ही त्याहून जुने. सुटलो!

१० ऑक्टोबर
कसला सुटतोय. जाळायचे अर्ज मीच काढणार होतो. सेठ म्हणाले, यादी करणारा वेगळा, निवडणारा वेगळा. अनंता दिवसभर एकेक अर्ज वाचून बाजूला ठेवत होता. चेहरा मख्ख. मी तीनदा पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावून आलो.

११ ऑक्टोबर
गठ्ठा भट्टीत गेला. स्वतः उभा राहून पाहिलं. अनंता काही बोलला नाही. वाचून विसरला असेल. त्याला भजी खिलवली.

१७ ऑक्टोबर
सेठ मुंबईला. रजेची मंजुरी माझ्याकडे. अनंताचा अर्ज आला — 'माझ्या बहिणीचे यजमान काल वारले. तीन दिवस रजा मिळावी.'
समोर उभा. चेहरा मख्ख. "भाऊजी, बाबांनी चिंबोऱ्यांना बोलावलंय. दुखवट्याचा डबा घेऊनच ये म्हणालेत."
मंजूर केली. डबाही दिला.