स्टेअरिंगमधला ढिलेपणा

बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कुरिअरने पाठवते, शुक्रवारी मिळेल. आम्ही बरे आहोत, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आईचं दुखणं हाडांपर्यंत गेलंय. आता फक्त वेदना कमी करायच्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी सोमवारी तिला घाट उतरून मोठ्या इस्पितळात न्यायचं आहे. मागच्या वेळी अँब्युलन्समध्ये ती वाटभर ओरडत होती, म्हणून या वेळी आपल्या घरगाडीतून.

तू पाहिलेली गाडी आता राहिली नाही. बाबांनी जुन्या बसचं घर केलं तेव्हा पलंग अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे ठेवला होता. तिथे प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो. मी तो मधोमध आणला. स्प्रिंगच्या पाट्यांची झिजलेली रबरं बदलली, धक्के झेलणारे चारही शॉक नवे घातले. सामानासकट गाडी वजनकाट्यावर नेली आणि त्या वजनाला लागेल तेवढीच हवा टायरमध्ये ठेवली. बाबा आजवर दगडासारखी कडक भरायचे. एक चक्कर मारून आणल्यावर आई म्हणाली, "पोटातलं पाणी हललं नाही गं. तुला शिकवल्याचं चीज झालं."

मग बाबा म्हणू लागले, स्टेअरिंग ढिलं आहे. "रस्ता हाताला लागत नाही. गाडी तरंगते नुसती." मी एकेक सांधा तपासला, चाकांचं अलाइनमेंट पुन्हा केलं. ढिलेपणा कुठेच नव्हता. पण जन्मभर बस चालवलेल्या हातांपुढे माझा गाड्यांचा डिप्लोमा काय टिकणार? त्यांनी हट्टच धरला, तेव्हा मी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. मैदानात एकटीने चालवून पाहिलं, तर वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ होईना. घाटात हे म्हणजे मरण. मी स्क्रू मुकाट्याने होता तिथे आणला.

बाबांना सांगणारच होते, तोवर ते चढून बसलेसुद्धा. गाडी फिरवून आणली आणि खिडकीतून ओरडले, "आता कसं! ही झाली ना गाडी! पोरगी माझीच आहे!"

दादा, मी काहीच केलं नव्हतं.

तेव्हापासून मी त्यांचे हात बघते. कप ते दोन्ही हातांनी धरतात. शर्टाची बटणं आई पडल्यापडल्या लावून देते. परवा चहाच्या गरम भांड्याला त्यांची बोटं टेकली होती, कातडी लाल झाली, तरी ते आपले बातम्या ऐकत होते. मी आईला विचारलं.

"बोटांना काही कळेनासं होऊन वर्ष झालं," ती म्हणाली. "बोलू नकोस त्यांना. गाडी चालवणं, तेवढंच राहिलंय त्यांच्याकडे."

"आणि मागे तू झोपणार?"

"मी तरी किती दिवसांची गं?"

मी तिची उशी नीट केली आणि बाहेर आले.

तू एकदाच म्हणाला होतास, "बाबा, आता मला द्या चालवायला." त्यावर, "माझ्या स्टेअरिंगला हात लावणारा अजून जन्मायचाय," म्हणून त्यांनी तुला घराबाहेर काढलं. ते मी विसरलेले नाही, तूही विसरू नकोस. तरीही लिहिते आहे. माझ्याकडे मोठ्या गाडीचं लायसन्स नाही, आणि आईला मागे झोपवून घाटात शिकायची माझी छाती नाही.

काल मी स्टेअरिंगचं चाकच उतरवलं आणि माझ्या पलंगाखाली ठेवलं. बाबांना म्हटलं, एक पार्ट मागवलाय, रविवारपर्यंत येईल. खोटं बोलताना माझे कान तापले.

"कुठून येतोय?" त्यांनी विचारलं.

मी तुझ्या शहराचं नाव घेतलं. ते कितीतरी वेळ हातावर हात चोळत बसले, थंडी वाजल्यासारखे.

आज सकाळी गाडी झाडायला चढले, तर ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली. तिथून बाबांचे पाय ब्रेकला पोचत नाहीत. आपल्या घरात फक्त तुझे पोचतात.

चाक जपून ठेवलेली,
तुझी धाकटी