दोघी मावतील अशी गाडी

२ एप्रिल
सकाळची शाळा. घरी आल्याबरोबर शिंप्याचा टेप घेऊन दोन्ही घोड्या मोजल्या. गौरा हलली नाही. झिपरीनं टेप चावला. आमचे हे, प्र., खिडकीतून सांगत होते, "सुनंदा, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत घे. अन् मान खाली घातल्यावर किती होते तेबी घे. रस्त्यानं मान खाली घालता आली नाई त घोडीच्या छातीत कफ भरते."
हे सगळं पलंगावरून. चार महिने झाले पडून. तबेल्याच्या छताचं टिन ठोकताना घसरले, कमरेखालचं सगळं गेलं. पंचवीस वर्षं लग्नाच्या वराती केल्या या माणसानं, कधी टेप लावला नसेल. नजरेनं सांगायचे.
आकडे लिहून घेतले. त्यातून दोघींना न्यायला कशी गाडी लागेल ते काही दिसेना मला.

४ एप्रिल
परतवाड्याहून गजूभाऊंचा फोन. प्र.चे धंद्यातले जुने मित्र. शेत आहे, स्वतःच्या चार घोड्या आहेत. "वहिनी, दोघीबी पाठवा. चारात दोन काई जड नाई. पण वीस तारखेच्या आत पाठवा. मंग मी चाललो पुण्याले, पोरीचं बाळंतपण. जूनपर्यंत येत नाई."
प्र. 'हो' म्हणाले. मग भिंतीकडे तोंड.
मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. पहाटे शेण, पाणी, मग यांची कूस बदलणं, पुसणं, डबा, शाळा, परत शेण. माझ्यानं होत नाही आता.

६ एप्रिल, रवि.
वर्ध्याला जाऊन गाड्या पाहिल्या. शेजारचे लक्ष्मणदादा सोबत. रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर, आमच्यापाशी रोज एक चक्कर.
पिकअप : एक घोडी कशीबशी. दोघी नाहीच. ड्रायव्हर म्हणतो, "ताई, घोडी काय, म्हशी दोन-दोन नेतो मी." मी वही काढून आकडे दाखवले तर हसला.
मोठा ट्रक : दोघी मावतात, पण चढवायचं कसं? फाळका छातीपर्यंत उंच. आणि आत धरायला-टेकायला काही नाही. ब्रेक मारला की एक दुसरीवर.
नागपूरला एका घोडेस्वारी शिकवणाऱ्यांकडे खास घोड्यांची गाडी आहे, दोन घोड्यांची, दोघींच्या मध्ये आडवट म्हणजे फळीची भिंत, मागे उतरता फाळका. ती मिळेल १७ ला. पण उंच आहे. आमच्या घराकडे यायला रेल्वेखालचा बोगदा, त्यातून ती निघत नाही.
प्र.ना सांगितलं. म्हणाले, "तेच पाह्यजे. बोगद्याच्या तिकडं उभी करजो म्हणा. आपण पायी नेऊ."
आपण.

९ एप्रिल
भांडण झालं. मी म्हटलं, पिकअप शनिवारी येते, घरापर्यंत येते. एक आधी, एक चार दिवसांनी. १७ ला काही बिघडलं तर २० कुठं राहिली?
"दोघी सोबत जातीन. गौरा झिपरीच्या घुंगरावर चालते. तिले दिसत नाई, हे मी सांगू तुले?"
नऊ वर्षांपूर्वी गौराचे डोळे गेले. तेव्हापासून झिपरीच्या गळ्यातलं घुंगरू ऐकतच ती चालते, पाणी पिते, सावलीत उभी राहते. माहीत आहे मला. पण चार दिवसच तर.
"मीच ठरवते," म्हटलं. जास्तच जोरात म्हटलं.
उठून जाता येत नाही त्यांना. माझ्या लक्षात आलं ते नंतर.

१२ एप्रिल, शनि.
झिपरी गेली. तिला आधी पाठवली, कारण ती सोपी. हरभरे दाखवले की चढली. दहा मिनिटांत काम. तोंड पुढच्या दांड्याला टेकत होतं, मागं शेपटी फाळक्याला. मान खाली घालायला जागा नव्हती. दिसत होतं मला. ड्रायव्हरनं कासरा आखूड बांधला. "लांब ठेवला त उडी मारते," म्हणाला.
घुंगरू बोगद्यापर्यंत ऐकू येत होतं. मग नाही.
गौरा ओरडली. घोडी अशी ओरडते हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

१३ एप्रिल
गौरा गोल फिरते आहे. टिनावर आदळली, डोळ्याच्या वर फाटलं. हळद भरली. पाणी नाही, कडबा नाही. प्र. खिडकीतून सारखे बोलताहेत तिच्याशी. "हाव गौरा. हाव. मी हावो ना इथंच." आवाज बसला त्यांचा.
माझ्याशी सकाळपासून एक शब्द नाही.

१४ एप्रिल
सकाळी विहारात जाऊन आले. पांढरी साडी तशीच असताना गौराला पाणी दाखवलं, प्याली नाही. दर वर्षी या दिवशी झिपरी मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असायची. मंडळाची माणसं विचारायला आली, घोडी कुठाय. पाठवली म्हणून सांगितलं.
प्र. आतून ओरडले, "या ना बे आत. मले उचला."
निळे फेटे बांधलेल्या चौघांनी तसाच पलंग उचलला आणि अंगणात आणून ठेवला. चार महिन्यांनी ऊन लागलं त्यांना. गौरा थांबली. हुंगत हुंगत आली. पलंगाला गुडघे लागले तशी मान खाली केली आणि तोंड त्यांच्या पायांवर ठेवलं. तशीच राहिली.
त्यांना पायावरचं काही कळत नाही. ते वर आभाळाकडे पाहत विचारत होते, "आली काय? आली काय वं ते?"
मी सांगितलं, आली. तुमच्या पायावर आहे.
मिरवणूक रस्त्यानं गेली, केवढा आवाज. ती हलली नाही.

१५ एप्रिल
थोडा कडबा खाल्ला, तो प्र.च्या हातून. आता पलंग अंगणातच असतो दिवसभर, लिंबाखाली.
गजूभाऊंचा फोन. झिपरीचे दोन्ही गुडघे सोलले आहेत. गाडीत पाय फाकवून उभं राहायला जागा नव्हती, म्हणून पडली असणार. "वहिनी, दावं तोडलं तिनं. रात्रंदिवस फाटकापाशी उभी राह्यते. असं काऊन केलं तुम्ही? प्रभाकरभाऊनं सांगतलं नाई काय?"
सांगितलं होतं.

१७ एप्रिल
पिकअप नको म्हणून कळवलं होतं. नागपूरची गाडी आली, बोगद्याच्या पलीकडे उभी केली. ड्रायव्हर हरीशभाऊ, पन्नाशीचे, हळू बोलणारे. गाडी पाहून रडू आलं मला. रबराची चटई, छातीपुढे गादी लावलेला दांडा, वरून हवा, पुढे मान घालायला भरपूर जागा. गौराचे आकडे मी मुखपाठ सांगितले. ते म्हणाले, "बराबर बसते. एकटी हाय त मधातलं आडवट काढायचं नाई. तिले अंग टेकवाले पाह्यजे. लई मोठी जागाबी चांगली नसते ताई."
मी आणि लक्ष्मणदादांनी गौराला बोगद्यातून नेलं. मी बोलत होते सारखं, काय ते आठवत नाही. पाढेसुद्धा म्हटले असतील. मध्यात वरून मालगाडी गेली. ती थरथरली, पण चालली. माझ्या आवाजावर चालली.
फाळक्यावर एक पाय ठेवला. पोकळ आवाज झाला. मागे आली. परत. परत. दोन तास. हरीशभाऊंनी एकदाही काठी उचलली नाही. साडेनवाला म्हणाले, "आता ऊन झालं. अशा उन्हात मी नेत नाई."
घरी आलो. प्र.नी आमच्या पावलांवरूनच ओळखलं.

१८ एप्रिल
सुट्टी. प्र. बोलले. "झिपरीले वापस आन त्याच गाडीत. तिच्या मागं गौरा चढन. मंग दोघी जातीन."
म्हणजे रिकामी गाडी परतवाड्याला, झिपरी इकडे, आणि दुसऱ्या दिवशी दोघी परत तिकडेच. वेडेपणा आहे. दुसरं काही सुचत नाही. हरीशभाऊ तयार. गजूभाऊ म्हणाले, एकवीसच्या सकाळपर्यंत थांबतो, पुढं नाही.
कपडे वाळत घालताना मी म्हटलं, पहिल्यांदाच तुमचं ऐकायला हवं होतं.
"तू थकली होती," प्र. म्हणाले. "मले दिसते ना इथून. दिवसभर तेच पायतो मी."

१९ एप्रिल
संध्याकाळी पाचला झिपरी आली. परतवाड्याला तिला गाडीत चढवायला चार तास लागले. गाडी पाहिली की मागच्या पायावर उभी होते. पिकअपनं शिकवलेलं.
बोगद्यापासून पायी आणली. आम्हाला काही ऐकू यायच्या आधी गौराचे कान उभे झाले. फाटकाशी दोघींची नाकं लागली. झिपरीनं तिच्या जखमेवरची हळद चाटली. मग दोघी पाणी पिऊ लागल्या, एकाच टाक्यातून, संपेपर्यंत.
प्र. रडले. मी तिकडे पाहिलं नाही.

२० एप्रिल, रवि.
नाही जमलं.
पहाटे पाचपासून. झिपरी पुढे, गौरा मागे. झिपरी फाळक्यापर्यंत आली आणि बसकणच मारली. घाम, फेस. गुडघ्याची खपली निघाली. ती चढेना म्हणून गौरा चढेना. हरीशभाऊंनी चटईवर गूळ ठेवला, हिरवा चारा ठेवला, स्वतः आत जाऊन बसून राहिले. साडेआठला खाली उतरले.
"ताई, गाडी बराबर हाय. माप बराबर हाय. तिच्या डोक्यात ते पहिली गाडी बसली. आता जबरदस्ती केली त कधीच चढनार नाई."
म्हणाले, अंगणात बांबूचा असाच डबा बांधा, याच मापाचा. त्यातच चारा द्या रोज. महिना लागेल, दोन लागतील. सवय झाली की फोन करा. घरी येऊन प्र.ना समजावलं आणि माझ्या वहीचं पान फाडून त्यावर मापं लिहून दिली. प्र.नी कागद वाचला, घडी केली.
गजूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "जूनमधी पाहू वहिनी." पाऊस लागला की तिकडच्या शेतात गाडी जात नाही, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.
दोघींना घेऊन परत बोगद्यातून. घुंगरू, मागे गौरा, मागे मी.

२२ एप्रिल
शाळेतून आले तर लक्ष्मणदादा बांबू घेऊन हजर. प्र. पलंगावरून मापं सांगत होते. "लांबी दहा फूट. उंची सात. रुंदी साडेचार." लक्ष्मणदादा गाडत गेले, मी दोऱ्या बांधल्या. वरून ताडपत्री. खाली दोन जुने दरवाजे टाकले, पोकळ आवाजाची सवय व्हावी म्हणून.
चार महिन्यांत पहिल्यांदा प्र. दोन पोळ्या जास्त जेवले.

२४ एप्रिल
झिपरीनं पुढचे दोन पाय आत टाकले. कडबा ओढला आणि पळाली. प्र. टाळ्या वाजवताहेत.
माझी कंबर धरली आहे. हेडबाईंनी विचारलं, मॅडम, दोन दिवस उशीर? काय सांगू. घोडीला डबा शिकवते आहे म्हणून?

२६ एप्रिल
झिपरी पूर्ण आत. खाल्लं, उभी राहिली. गौरा घुंगराच्या मागे आली, दरवाज्यांवर पाय ठेवले, न घाबरता! पण आत शिरताना एकीकडून झिपरीचं अंग, दुसरीकडून बांबू घासले, जागाच नव्हती. फुरफुरली, मागे फिरली. तीनदा तेच.
"घाबरते," प्र. म्हणाले. "लागन तिले टाइम. होईन हळूहळू."
मला ती घाबरल्यासारखी वाटली नाही.

२७ एप्रिल, रवि.
यांना कुशीवर करून चादर बदलली. उशीखाली हरीशभाऊंचा कागद निघाला. लांबी १०. उंची ७. रुंदी साडेपाच.
पाच स्पष्ट आहे. चार म्हणून वाचता येतच नाही. यांनी सांगितलेल्या साडेचारात दोघी कधीच मावणार नाहीत, सहा महिने शिकवलं तरी.
प्र. भिंतीकडे तोंड करून होते. पाठ पुसत होते मी. पाठीवरची हाडं मोजता येतात आता.
"काय वं, थांबली काऊन?"
"काही नाही," म्हटलं. पावडर लावली. शर्ट घातला. ऊन वाढल्यापासून पलंग आतच असतो, तो खिडकीशी सरकवून दिला, तिथून डबा दिसतो, दोघी दिसतात.
बाहेर लक्ष्मणदादा पहार घेऊन उभे. "बाई, पावसाच्या आधी हे बांबू पक्के गाडून टाकू काय? सिमेंट हाय माह्याकडं थोडं."
खिडकीतून प्र. पाहत होते, माझ्याकडे, त्यांच्याकडे नाही.
उद्या सांगते, म्हटलं.
कागद या वहीत ठेवला आहे.