मल्हारीची साक्ष

गारखेडा, औरंगाबाद
२० सप्टेंबर १९८६

प्रिय मल्हारी,

हे पत्र तुला तुझी सून आवडाबाई वाचून दाखवील. तिनं मध्येच थांबू नये. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल, ऐकावंच.

आमच्या स्वातंत्र्यसैनिक क्लबाला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याच गळ्यात पडलं. सुरुवात मजेत झाली. भाड्याची खोली, चार लोखंडी खुर्च्या, सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन, आणि कोण किती दिवस तुरुंगात होतं यावरून दरवर्षीची भांडणं. तुरुंग नव्हे, जणू सासुरवाडीच. मग अठ्ठेचाळीस साल आलं आणि पेन अडला.

पोलीस ॲक्शनच्या महिनाभर आधी आपण दोघं चाळीसगावकडच्या कॅम्पातून काडतुसं घेऊन निघालो होतो. देवगाव रंगारीच्या अलीकडं निजामाचे रझाकार दिसले आणि मी ज्वारीत पळालो. तू घोंगडीत काडतुसं गुंडाळून, मेंढरं हाकत त्यांच्यासमोरून गेलास आणि माल आपल्या तुकडीच्या म्होरक्याच्या, काकासाहेबांच्या हाती दिलास. मी पळालो म्हणून दुसऱ्या दिवशी सापडलो, सापडलो म्हणून तुरुंगाचा कागद मिळाला. तू सापडलाच नाहीस, तुला कागद कोण देणार? पुढं लोक म्हणू लागले, काडतुसं रामकिसननं आणली. मी गप्प राहिलो. काकासाहेबांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी मला चारचौघांत उघडं पाडलं नाही.

पेन्शनसाठी, कागद नसेल त्याला दोन सैनिकांची साक्ष लागायची. तू क्लबात आलास तेव्हा काकासाहेब तयार होते. मी म्हणालो, मला आठवत नाही. तू पायरीवरच उभा होतास. ‘असू दे भाऊ, लई वर्सं झाली, नसंल आठवत,’ एवढंच बोललास. मल्हारी, मला सगळं आठवत होतं. तुलाही ते कळलं होतं. मला माझी लाज वाटते.

सोमवारी काकासाहेब गेले. काल मी कचेरीत जाऊन तुझी साक्ष लिहून दिली, माझ्या पळण्यासकट. कारकुनानं ती शांतपणे वाचली आणि विचारलं, दुसरा साक्षीदार कोण? काकासाहेबांशिवाय दुसऱ्या कुणाला ते ठाऊकच नव्हतं. काकासाहेब जिवंत असेपर्यंत त्यांच्यासमोर खरं बोलायची मला हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली तेव्हा ते नव्हते. आता तुझं नाव सरकारी यादीत लागणार नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच
रामकिसन