डाव्या हाताची सुरी

बौशर, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्तरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले की शिरीष शेजारी बसून ऐकतो, म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरचा रुचिर सुट्टीवर मायदेशी, पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर देते.

माझी जपानी सुरी आठवते? भाजीची, चौकोनी पात्याची. अकरा वर्षांपूर्वी शिरीष कंपनीतर्फे जपानला गेला, तेव्हा लोहाराकडून बनवून आणलेली. पात्याला एकाच बाजूने उतार, दुसरी बाजू सपाट. इतरांच्या सुरीला तो उजवीकडे असतो, माझ्या सुरीला डावीकडे, मुद्दाम सांगून घेतलेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्ट्या मारून माझं लिहिणं उजव्या हातावर आणलं, चिरणं मात्र डाव्यानेच राहिलं. शिरीष म्हणाला होता, सिस्टरांना जमलं नाही ते मी कशाला करू, सुरीच बदलतो.

ती ओली राहिली की तासाभरात गंजते. पुसणं, तेलाचा हात फिरवणं, दगडावर धार लावणं पहिल्यापासून त्याचंच काम. अजून करतो. मुलाचं नाव चुकतं, पण दगड किती वेळ भिजवायचा ते चुकत नाही. फक्त धार लावल्याचं विसरतो आणि परत बसतो. पातं बोटभर अरुंद झालंय. यश गुरुवारी सोहारहून येतो, तो म्हणतो, आई, खलास, लपव ती सुरी. मला काही सुचत नाही.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिते.

तुझी मधुताई

पुणे, २६ जानेवारी २०२५

ती. मधुताईस सा. न. वि. वि.

यश बरोबर बोलतोय. भाऊजींना लागलं म्हणजे? सुरी लपव आणि त्यांना साधी स्टीलची दे. तसाही त्या सुरीवर माझा जुना राग आहे. तुझ्याकडे आले तेव्हा मी त्या सुरीने काकडी चिरली तर सगळे काप तिरके, आणि तू वर म्हणालीस, उजव्या हातवाल्यांनी लांबच राहावं. भाऊजी किती हसले होते.

ताई, इतक्या लांबून मी नुसता सल्लाच देऊ शकते. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझी उत्तरा

बौशर, २३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उत्तरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. सुरी तांदळाच्या डब्यात लपवली. स्टीलच्या सुरीला त्याने हात लावला नाही. भिजलेला दगड हातात धरून दिवसभर घरभर फिरला. फरशीवर पाणी गळत राहिलं. संध्याकाळी मीच सुरी काढून दिली.

सोमवारी काकडी चिरायला घेतली, तर सगळे काप तिरके. मला तू आठवलीस. पातं उजेडात धरलं. सपाट बाजू सपाट राहिली नव्हती, त्याने उजवीकडे उतार पाडला होता. मी म्हटलं, अरे, ही डाव्या हाताची सुरी. त्याने पाव्हण्याशी बोलावं तसं नम्रपणे विचारलं, आपल्याकडे डावखुरं कोण आहे?



पुन्हा घासून नीट करता येईल. पण उद्या तो परत तेच करणार. आता मी उजव्या हाताने चिरते. तो शेजारी उभा राहून पाहतो, विचारतो, धार छान लागली ना. मी हो म्हणते.

हे पत्र मात्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आलंय, सांभाळून वाच.

तुझी
मधू