बिनधुराचं पाणी

अण्णा,

काल आमच्या गच्चीवर उन्हावर पाणी तापवायचं यंत्र बसलं. साताऱ्यात आता ते घरोघरी दिसतं, त्यात तुम्हाला मुद्दाम सांगावं असं काही नाही. बसवायला आलेल्या माणसानं नळ्या जोडल्या, काचेवरचे हाताचे ठसे पुसले आणि मला म्हणाला, "काकू, उद्या सकाळी उठल्या उठल्या नळ सोडा. कडकडीत पाणी येतंय का न्हाई बघा." मी सहज विचारलं, "आणि दुपारी?" तो हसला. "दुपारी कोण आंघोळ करतंय, काकू?" मीही हसले आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी होते. एवढ्या वर्षांनी, नातवंडं झाल्यावर, माझे कान गरम झाले होते. कुणी रागावलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तोंड कुठे लपवावं असं झालं होतं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

तुम्ही फौजेतून पेन्शनवर घरी आलात ते दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी. पाऊस परत आला होता, पण झाडं परत आली नव्हती. दुष्काळात लोकांनी बांधावरच्या बाभळीसुद्धा ठेवल्या नव्हत्या, त्यामुळे जळणासाठी मी आणि आई पार ओढ्यापलीकडे जायचो. तुरीच्या काड्या, वाळक्या काटक्या, शेणी, जे मिळेल ते डोक्यावर घेऊन यायचो. ते ओलंसुकं जळण पहाटे बंबात घातलं की सगळी न्हाणी धुरानं भरायची, आणि आई त्या धुरात वाकून फुंकणी फुंकायची. तिची छाती तेव्हाच वाजायला लागली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं, हिला धुरापासून लांब ठेवा, नाहीतर फार दिवस निघणार नाहीत. बाहेर आल्यावर आई तुम्हाला म्हणाली, "लांब ठेवा म्हणं! धूर काय पावणा हाय, दुसरीकडं उतरवायला?"

मग तुम्ही उन्हावर पाणी तापवायची ती पेटी केलीत. राजस्थानात असताना छावणीतली लोखंडी टाकी दुपारी हात भाजेल इतकी तापायची आणि तुम्ही सगळे जवान तिला शिव्या घालायचात, हे आम्ही दर सुट्टीत ऐकलं होतं. त्या शिव्या खाल्लेल्या टाकीतूनच तुमच्या डोक्यात हे आलं असणार. आटपाडीतून चपटी पत्र्याची टाकी करून आणलीत, तिला काळा रंग दिलात, लाकडी पेटीत खाली ज्वारीचा भुसा दाबून ती बसवलीत आणि वर जुन्या कपाटाच्या काचा लावल्यात. पेटी घरावरच्या माळवदावर दक्षिणेला तोंड करून तिरपी ठेवलीत आणि तिची नळी भिंतीवरून खाली न्हाणीत सोडलीत. सकाळी शिडीवरून बादल्या चढवून टाकी भरायची की झालं. ना काडी लागायची ना रॉकेल. शेजारपाजारचे बघायला यायचे आणि तुम्हाला विचारायचे, "काय फौजी, रेडिओ हाय काय ह्यो?" तुम्ही म्हणायचात, "बायकूची सुट्टी हाय."

पण फौजेत माणूस सवड मिळेल तेव्हा आंघोळ करतो. तिथे इतकी वर्षं काढल्यावर तुम्ही आपल्याकडची रीत विसरून गेला होतात. आपल्याकडे आंघोळ सकाळी. आंघोळीशिवाय आई देवाला शिवायची नाही आणि पिठालाही हात लावायची नाही. दिवस कलताना आंघोळ करायची ती केस कापून आल्यावर, नाहीतर मर्तिकाहून आल्यावर. आणि तुमचं पाणी तर दुपार उलटल्यावर तापायचं. पहिल्या दिवशी तुम्ही वरून तिला हाक मारलीत, नळी सोडलीत, पाण्यातून वाफ निघाली. तुमचा चेहरा अजून दिसतो मला. आई पदर तोंडाला लावून उंबऱ्यात उभी. "आवं, ह्या येळंला कोण न्हातंय? मडं पोचवून आल्यावानी!" असं म्हणून ती चुलीकडे वळली. पाण्याला तिनं बोटही लावलं नाही.

तुम्ही हार खाणाऱ्यातले नव्हता. पेटीवर रात्री पोती टाकलीत, मग तुमचं फौजेतलं जाड कांबळं, मग चारी बाजूंनी आणखी भुसा. असं करता करता पहाटेपर्यंत पाणी निदान कोमट राहायला लागलं. आईनं नाक मुरडलं, पण ते कोमट पाणी बंबात ओतायला मात्र ती तयार झाली. मूठभर काटक्यांत बंब तापायचा आणि धूर उठायच्या आत आंघोळी उरकायच्या. त्या मार्गशीर्षात आई पहाटे खोकली नाही. मला ती शांतता आठवते. अंथरुणात पडल्या पडल्या मी तिच्या खोकल्याची वाट बघायची आणि तो यायचाच नाही. तुम्ही चहा पिताना मिशीत हसायचात. तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला होता. तेवढे दिवस सोडले, तर नंतर वाटत आली ती लाजच.

पौषात भावकीतलं एक म्हातारं माणूस गेलं. थंडी अशी की हातपाय काकडून गेलेले. सुतक आपल्यालाही होतं, त्यामुळे त्यांची चूल बंद आणि आपलीही बंद. माणसं मर्तिकाहून परतली ती ओढ्याच्या थंड पाण्यात बुडी मारून. फक्त गेलेल्याचा धाकटा भाऊ, माझे चुलत आजोबा, ओढ्याच्या काठाला कुडकुडत बसलेले, त्यांच्याच्यानं पाण्यात उतरवेना. तुम्ही त्यांना हाताला धरून घरी आणलंत आणि न्हाणीत बसवून नळी सोडलीत. आजोबांनी पाणी अंगावर घेतलं आणि मोठ्यानं रडायला लागले. "चूल न पेटवता ऊन पाणी! आरं गड्या, हे देवानंच धाडलंय रं!" गावभर त्यांनी ते सांगितलं. चुलीचा विस्तव न लागलेलं गरम पाणी, तेही मर्तिकाच्याच वेळेला तयार. पुढच्या मर्तिकाला माणसं आपणहून आपल्या अंगणात आली. तुम्ही कुणाला नाही म्हणाला नाहीत, आणि म्हणणार तरी कसे होतात?

तिथेच सगळं फिसकटलं. आईनं दुसऱ्या दिवसापासून त्या नळीखाली घागर धरली नाही. तुम्ही तिला समजावलंत, विनवलंत. "अगं, पाणी रोज नवं भरतोय न्हवं मी?" ती म्हणाली, "पाणी नवं असंल, पेटी तीच हाय." पहाटेचा धूर परत आला आणि खोकलाही आला. ज्या पाण्यानं तिची छाती वाचणार होती ते गावातल्या सुतकाचं होऊन बसलं, ते तुमच्या भलेपणामुळेच. मला तेव्हा हे इतकं नीट कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की शाळेत पोरी मला विचारतात, "आज कोण न्हालं गं तुमच्याकडं?" आणि खिदळतात. आटपाडीच्या स्टँडवर आपल्या गावचं कुणी दिसलं की मी मान फिरवायची. घराकडे येताना लांबूनच माळवदावरची काच उन्हात चमकायची आणि माझे पाय जड व्हायचे.

मग मला बघायला ते आष्ट्याचे पाहुणे आले. उसाची शेती, दारात बैलजोड्या, मुलगा शिकलेला. आईनं आदल्या दिवशी घर सारवलं होतं, खोकत खोकत. दुपारी पाहुणे एसटीच्या धुळीनं माखून उतरले. तुम्ही हौसेनं हातपाय धुवायला गरम पाणी दिलंत, आणि मुलाच्या वडिलांनी विचारलंसुद्धा, "एवढ्या वक्ताला ऊन पाणी कसलं वो?" तुम्ही त्यांना माळवदावर नेऊन पेटी दाखवलीत. ते खूश दिसत होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, खाली मान घालून बसले, आणि तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. वरच्या आळीतली म्हातारी सकाळीच गेली होती. माणसं तिला पोचवून नेहमीच्या सवयीनं सरळ आपल्याकडे आली. खांद्यावर टॉवेल. न्हाणीच्या दाराशी ती रांगेनं उभी राहिली. पाहुण्यांच्या हातातला चमचा वाटेतच थांबला. मुलाच्या आईनं आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "ह्येच पाणी व्हय?"

तुम्ही एकदा त्यांच्याकडे पाहिलंत, एकदा अंगणात पाहिलंत, एकदा माझ्याकडे. मग उठून नळी सोडायला शिडी चढलात. "बसा, आवं, आलोच. माणसं गारठल्याती," असं जाता जाता म्हणालात. तुम्ही खाली आलात तेव्हा घरात पोह्यांच्या बशा तेवढ्या होत्या.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, ते फोडून टाका." तुम्ही काच पुसत होतात. "मी तर तुझ्या आईसाठी केलं हुतं गं," एवढंच बोललात. खाली आईनं चूल पेटवली होती आणि ती खोकत होती. आपण दोघं वर उभे राहून ते ऐकत होतो.

पुढे साताऱ्यात माझं जमलं. सासरी कुणी माहेरच्या माळवदावरच्या पेटीबद्दल विचारलं तर मी सांगायची, पापड वाळवायची आहे. सासूबाईंनी एकदा तसली पेटी आपल्यालाही करून द्यायला तुमच्याकडे निरोप पाठवायचं काढलं, तेव्हा मला जीभ चावून घ्यावी असं झालं.

आणि मग तो दिवस. मी संक्रांतीला माहेरी आले होते. तुम्ही सकाळी नेहमीसारख्या बादल्या वर चढवल्यात, टाकी भरलीत, काच पुसलीत. खाली येऊन छातीवर हात ठेवून म्हणालात, "जरा पडतो." जेवणवेळेच्या आत सगळं संपलं. दुपार उलटल्यावर तुम्हाला घेऊन माणसं गेली. मागे घरात बायका राहिल्या. चूल बंद, बंब थंड, बाहेर बोचरं वारं. कुणीतरी आईला धरून न्हाणीत बसवलं आणि नळी सोडली, कारण दुसरं गरम पाणीच नव्हतं. वाफ आली. ते पाणी खांद्यावर पडताच आई दचकली. रडायची थांबली. मग समोरच्या भिंतीकडे बघून, तुम्ही तिथे उभे असल्यासारखी म्हणाली, "आवं, एवढं कडत असतंय व्हय? मला कवा बोलला न्हाईसा!" ती असं म्हणाली, अण्णा. तुम्ही दुसरं काय बोलत होता इतकी वर्षं! न्हाणीतल्या बायका तोंडात पदर कोंबून रडल्या.

तेराव्यानंतर आईनं बंब पेटवला नाही. घागर कडेवर घेऊन ती स्वतः शिडी चढायची. दुपारी न्हायची आणि दुपारी देव पूजायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "माज्या देवाला आता घाई न्हाई." ती पुढे बरीच वर्षं जगली. खोकला पूर्ण गेला नाही, पण पहाटेचा गेला. तुम्ही असताना जे झालं नाही ते तुम्ही गेल्यावर झालं, आणि त्याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक वेळा लाजच वाटते.

आज पहाटे मी नळ सोडला. पाणी खरंच कडकडीत होतं. तरी मी आंघोळ केली नाही, दुपारपर्यंत थांबले. सून दोनदा विचारून गेली, बरं नाही का म्हणून. आता ती दारातून विचारते आहे, एवढं काय लिहिताय. मी सांगितलं, वाण्याची यादी. हा कागद उद्या रद्दीत जाईल, त्याआधी एवढं एक लिहून टाकते. हे आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी आईनंतर न्हाणीत मी बसले होते. सकाळपासून रडून रडून अंग दगड झालेलं, आणि ते पाणी डोक्यावरून आलं. अण्णा, मला फार बरं वाटलं. ज्या पाण्याची मी इतकी वर्षं लाज धरली, ते थेट नळीतून पहिल्यांदाच अंगावर घेत होते. तुम्ही गेलात हे क्षणभर मी साफ विसरले. बाहेर सगळ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, आणि मी आतून हाक मारून आणखी एक बादलीभर सोडायला सांगितलं.