वन्संची चप्पल

ती. वन्संना नमस्कार,

तुम्हाला चार शब्द सुनावायला बसलेय. स्पृहाला फिट आली तेव्हा तुम्ही तिच्या नाकाला चप्पल लावलीत. रिक्षातही लावलीत. हॉस्पिटलात पोचलो तरी पोरीचे झटके थांबेनात. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, मग सलाइनमधून दुसरं औषध सोडलं. हातपाय थांबले. “बघ, उतरली,” म्हणत तुम्ही एक पाय अनवाणी ठेवून वारज्याला तुमच्या घरी गेलात. चप्पल माझ्या पिशवीत राहिली.

नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाहेरून थांबलंय, आतून थांबलंय का बघू.” डोक्याला वायरी लावल्या. मेंदूत फिट चालूच होती! मला तर माझी लेक शांत झोपलेली दिसत होती हो. औषध वाढवलं, तेव्हा कुठे खरी थांबली.

आता घरी आलोय. पुन्हा आली तर नाकात मारायला स्प्रे दिलाय. पण झोप कुठली आणि फिट कुठली, मी ओळखू कशी? दुपारी ती झोपली की मी हलवून उठवते. ती चिडली की मला बरं वाटतं.

आज झोपेत तिचे नुसते ओठ हलले. भानावर आले तेव्हा माझ्या एका हातात स्प्रे होता, दुसऱ्यात तुमची चप्पल.

तुमची भावजय,
आनंदी